पायाळूची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी बाहेर आले. आमच्या सेनगाव तालुक्यात अशा माणसाला मान असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली की ते माणूस पायाळूच्या दारात येऊन पालथं पडतं, आणि पायाळूनं दुखऱ्या जागेवर उजवा पाय तीनदा हलकेच लावायचा. मी लग्न होऊन साखऱ्याला आले, तेव्हा माझ्या सासूनं माझ्या रंगाची आणि उंचीची चौकशी केली नव्हती, पण पायाची पुरती केली होती. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "आमची सुभद्रा पायाळू हाय. कंबर धरली तर येत जा."

लोक यायचे. पेरणीच्या दिवसांत यायचे, पोती उचलायच्या दिवसांत तर जास्तच. कुणी नारळ आणला तर आत्याबाई तो परत पाठवायच्या. घेतलं की गुण जातो, असं त्यांचं म्हणणं.

तर अशा या पायाळूचीच कंबर गेली, त्याची ही हकिगत. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. कंबर आणि पाय धरून घरात कुणी पडलं असेल, आणि आता आपलं कसं व्हायचं असा घोर लागला असेल, त्यानं ही वाचावी. मी घाबरवायला लिहीत नाही. दुखलं खूप, रडलेही. पण त्या काही महिन्यांत मी जेवढी हसले तेवढी आधी कधी हसले नव्हते, हेही खरं आहे.

*

आमच्या घरी मेंढ्या आहेत. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवाव्या लागतात, म्हणजे लोकर साफ निघते. आमचे मालक ओढ्याच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक मेंढी चोळायचे आणि मी काठावरून वाकून ती वर ओढून घ्यायचे. दरवर्षीचं काम. त्या दिवशी शेवटी एडका, म्हणजे कळपातला नर, राहिला होता. भिजलेल्या लोकरीनं आधीच त्याचं वजन दुप्पट झालेलं. मी त्याला धरलं, त्यानं अंगाला हिसका दिला, आणि वाकलेली मी त्याच्याबरोबर फिरले. कमरेत काहीतरी बारीक तुटल्यासारखं झालं.

एडका काठावर चढला, अंग झाडून त्यानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि चरायला निघून गेला. मी तशीच वाकलेली.

"काय झालं?" मालकांनी पाण्यातून विचारलं.

"काई न्हाई. उसण भरली."

"मंग पायाळूला बोलाव की," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्याला हसले. मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

दोन-तीन दिवसांनी कंबर थोडी हलकी झाली आणि दुखणं पायात उतरलं. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत कुणीतरी तापलेली तार घातली आहे, असं वाटायचं. खोकला आला की तार तापायची. शिंक येईल या भीतीनं मी चुलीवर मिरची भाजणं सोडलं. उभं राहिलं तर चालायचं, आडवं पडलं तर चालायचं, बसणं मात्र अजिबात व्हायचं नाही. भाकरी थापायला बसता येईना, म्हणून आमची बारा वर्षांची सरू भाकरी थापायला लागली. तिच्या पहिल्या भाकरीला आत्याबाईंनी "ही सेनगाव तालुक्याची का हिंगोलीची?" असं विचारलं, कारण तिचा आकार नकाशासारखा होता.

गावातल्या लोकांना माझी काळजी लागली, आणि पायाळूला कुणाचा पाय लावायचा हा पेचही पडला. शेवटी शेजारच्या गावातला एक पायाळू म्हातारा सापडला. सगळे त्यांना आबा म्हणत. ते इतके म्हातारे की मोटारसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून आणले. मी बाजेवर पालथी पडले. आबांना एका पायावर उभं राहायचं जमेना, म्हणून मालकांनी एका बाजूनं आणि शेजारच्यानं दुसऱ्या बाजूनं त्यांना धरलं. आबांनी पाय उचलला, माझ्या कमरेला लावला आणि तसाच ठेवून जरा दम खाल्ला.

"झालं का आबा?" आत्याबाई.

"झालं," आबा म्हणाले. मग खाली वाकून माझ्या कानाशी बोलले, "पोरी, माजीबी कंबर लय दिसापासून तकलीफ देऊन राहिली. तुजा पाय लय गुणाचा म्हणतात. बरी झाली की लावशील का?"

मला हसू आवरेना, आणि हसलं की तार तापायची. हसत हसत मी विव्हळत होते. आबांना वाटलं आपल्या पायाचा गुण आला. ते खूश होऊन चहा पिऊन गेले.

*

मग चपलेची गोष्ट झाली. सरूबरोबर दळण घेऊन येत होते. म्हणजे दळण तिच्या डोक्यावर, मी नुसती बरोबर. थोडं पुढं आल्यावर ती म्हणाली, "आई, तुजी चप्पल मागंच राहिली."

मी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. चप्पल मागं रस्त्यात पडलेली. पायातून ती कधी निघाली, मला कळलंच नव्हतं. इतके दिवस दुखत होतं तेव्हा मी घाबरले नव्हते. पाय काही सांगेनासा झाला तेव्हा घाबरले.

घरी येऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि दोन्ही अंगठे वर करायला गेले. डावा उठला. उजवा जागच्या जागी. मी त्याच्याकडं बघत राहिले, आणि आत्याबाई माझ्याकडं.

"उद्या हिंगोलीला जायचं," त्या म्हणाल्या.

एसटीत मला बसता येत नव्हतं, म्हणून मी दांड्याला धरून उभी. गाडी अर्धी रिकामी. कंडक्टर दोनदा आला.

"बाई, जागा हाय. बसा की."

"बसाया येत न्हाई."

त्यानं थोडा विचार केला. "नवस हाय का?"

आत्याबाईंनी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, "व्हय. मणक्याचा."

हिंगोलीचे हाडाचे डॉक्टर मध्यम वयाचे, बोलायला शांत. त्यांनी मला टाचांवर चालायला सांगितलं. डाव्या टाचेवर चालले, उजवा पंजा खाली पडला. त्यांनी मला आडवं करून पाय सरळ वर उचलला, आणि तो थोडासाच उचलल्याबरोबर मी टेबलाची कड धरली. मग त्यांनी माझ्या अंगठ्यावर आपलं एक बोट ठेवलं.

"वर ढकला."

मी सगळा जीव लावला. बोट थोडंसंच हललं.

"डॉक्टर, तिचा त्योच पाय गुणाचा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "गावाच्या कमरा त्यानं बऱ्या केल्या."

डॉक्टर हसले नाहीत. हे मला फार बरं वाटलं. त्यांनी एवढंच सांगितलं की दोष पायात नाही, कमरेत आहे. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, ती मागून फाटून सरकली आहे आणि पायाकडं जाणाऱ्या नसेवर दाबून बसली आहे. बहुतेक लोकांचं असं दुखणं गोळ्या, विश्रांती आणि व्यायामानं जातं, चिरफाड लागत नाही. पण तुमच्या पंजाची ताकद कमी होतेय, म्हणून आठ दिवसच वाट बघू, नाहीतर नांदेडला ऑपरेशन. ताकद आणखी कमी झाली, किंवा लघवीला त्रास झाला, बसायच्या जागी बधिर वाटलं, तर आठ दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं आणि आत्याबाईंकडून परत म्हणवून घेतलं.

गावात पोचेपर्यंत आत्याबाईंनी त्याचं आपलं करून टाकलं होतं. चौकशीला आलेल्या बायांना त्या सांगत होत्या, "गादी उसवली. आतला कापूस भायेर येऊन नशीला चिटकला. आता बघू, कापूस वाळतो का."

*

ते आठ दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मी बाजेवर फळी टाकून पडलेली. नांदेडचं ऑपरेशन हा शब्द सगळ्यांच्या डोक्यात होता आणि कुणाच्या तोंडात नव्हता. आत्याबाईंच्या माहेरी कुणीतरी मणक्याचं ऑपरेशन करून आलं ते पुन्हा उठलं नव्हतं. कधीची गोष्ट, काय आजार होता, कुणालाच माहीत नव्हतं, पण तो माणूस आमच्या घरात येऊन बसल्यासारखा झाला होता.

एकदा मालकांनी विषय काढला. "आई, डॉक्टर म्हणतो तं न्यावं लागंल."

"पाठीला सुरी लावू देणार न्हाई मी," आत्याबाई म्हणाल्या. "असू दे पाय लटका. घरात तं राहील."

"मला कुणी इचारून राहिलं का?" मी बाजेवरून म्हणाले. माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या, असं सरू नंतर सांगायची. आत्याबाई उठून बाहेर गेल्या. मालक भिंतीकडं बघत बसले. मला वाटलं, आता या घरात मी ओझं झाले. आजारपणात हे वाटणं दुखण्याहून जड असतं. ज्यांना वाटत असेल त्यांनी हे जाणावं की ते सगळ्यांनाच वाटतं, आणि बहुतेक वेळा खोटं असतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई माझ्या पायाशी येऊन बसल्या. डॉक्टरांनी केलं तसं त्यांनी आपलं बोट माझ्या अंगठ्यावर ठेवलं.

"उचल."

मी उचललं. थोडं हललं.

मग रोज सकाळी, मशेरी लावून झाली की त्या यायच्या. "उचल." भांडण त्यांनी मिटवलं नाही, तो विषयही काढला नाही. फक्त बोट ठेवायच्या. आठवड्याच्या अखेरीला एका सकाळी मी उचलायचा प्रयत्न केला आणि काहीच झालं नाही. त्यांनी बोट काढून घेतलं नाही. बराच वेळ तसंच ठेवून बसल्या.

मग त्यांनी मुलाला हाक मारली. "किसन, जीप बघ. नांदेडला जायचं."

*

काळ्यापिवळ्या जीपच्या मागच्या सीटवर गोधडी टाकून मी आडवी. कळमनुरीवरून नांदेड. प्रत्येक खड्डा मला आधी कळायचा, ड्रायव्हरला नंतर. आत्याबाई पुढं बसून त्याला खड्डे दाखवत होत्या आणि तो म्हणत होता, "आजी, मलाबी डोळे हाईत."

एमआरआयची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, म्हणून ते सांगते. अंगावरचे सगळे दागिने काढायला लावतात. जोडवी काही केल्या निघेनात. सिस्टरनं साबण लावला, आत्याबाईंनी ओढलं, तेव्हा निघाली. मग एका अरुंद बोगद्यात सरकवतात आणि हलायचं नाही म्हणतात. आत असा आवाज की पत्र्यावर कुणी दगड मारतंय. मी डोळे मिटले आणि मनात आमच्या मेंढ्या एकेक करून फाटकातून आत घेतल्या. काळ्या कानाची, मग लंगडी, मग तिचं कोकरू. ज्या एडक्यामुळं मी इथं आले त्याला मात्र बाहेरच ठेवला. सगळ्या आत येऊन बसेपर्यंत तपासणी संपली होती. दुखत काही नाही. नुसता आवाज.

वॉर्डात आमच्या आत्याबाईंचं दोन दिवसांत राज्य झालं. सकाळी सहाला सिस्टर यायची, ताप बघायची, चादरी बदलायची. मग डॉक्टरांची फेरी, त्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. आत्याबाई बाहेर जायच्या नाहीत, खाटेमागं उभ्या राहायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "मी नातेवाईक न्हाई, सासू हाय." सिस्टरनं त्यांची मशेरीची डबी काढून घेतली तेव्हा मोठं युद्ध होणार असं मला वाटलं. पण तासाभरानं बघते तर आत्याबाई तिच्या टेबलाशी उभ्या, आणि सिस्टर त्यांना आपली सासू कशी आहे ते सांगून राहिली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मालक आले. मेंढ्या चुलतभावावर टाकून आले होते. बरोबर स्वतः थापलेल्या भाकरी. मी एक हातात घेतली, जड होती. ते स्टुलावर बसले. माणूस बोलका नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणं त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "अगं", "ऐकलं का", एवढंच.

भाकरीचं फडकं परत बांधत ते म्हणाले, "मेंढ्या इचारून राहिल्या."

"काय इचारतात?"

"सुभद्रा कुठं हाय म्हणतात."

मी तोंडावर चादर घेतली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "लय दुखतंय का?" मी म्हणाले, "न्हाई हो. बरं वाटून राहिलं."

*

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी झोपले होते. जागी झाले तेव्हा घसा कोरडा होता, पाठ दुखत होती, आणि काहीतरी कमी होतं. काय कमी आहे ते कळायला वेळ लागला. पायातली तार कुणीतरी काढून घेतली होती. मी मुद्दाम खोकून पाहिलं. पाठीत दुखलं, पायात नाही. पुन्हा खोकले.

"खोकला झाला का काय हिला," आत्याबाई घाबरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आणि आत्याबाई दोघींनी धरून मला उभं केलं. माहेरचा तो न उठलेला माणूस आत्याबाईंच्या डोळ्यांत दिसत होता. मी उभी राहिले, खिडकीपर्यंत गेले, खिडकीतून नांदेडचा रस्ता पाहिला आणि परत आले. आत्याबाई पदरानं खाटेची कड पुसत राहिल्या, जिच्यावर धूळ नव्हती.

अंगठा मात्र उठला नाही. डॉक्टर म्हणाले, नस दबून होती, ती सावकाश जागी होईल. किती दिवसांत? तसं सांगता येत नाही. कधी पूर्ण येते, कधी थोडी उणी राहते. मला खरं सांगितलं म्हणून मी त्यांची आभारी आहे. त्या दिवशी मात्र आभार मानायच्या मनःस्थितीत नव्हते.

घरी आले. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, थोडं थोडं चालायचं. मालक पाण्याचे हंडे आणायला लागले. गल्लीतले पुरुष हसले, मग त्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडं बघायला लागल्या आणि हसणं थांबलं. आत्याबाई रोज सकाळी बोट ठेवायच्या. "उचल." काही नाही. "उद्या बघू." त्या एवढंच म्हणायच्या, आणि मला त्या शब्दांचा आधार वाटायचा.

असे बरेच उद्या गेले. एकदा मी ओट्यावर पाय सोडून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पायावर माशी बसली आणि मी पाय झटकला. सरू समोर होती.

"आई, परत कर."

"काय?"

"तुजा अंगठा हालला."

मी खाली बघून उचलला. तो उठला. फार नाही, पण आपल्या मनानं उठला. आत्याबाई हातातलं तसंच टाकून आल्या, बोट ठेवलं, आणि माझ्या अंगठ्यानं त्यांचं बोट वर ढकललं. त्या उठल्या आणि सरळ गल्लीत चालत्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत घरात ही गर्दी. नवं लेकरू बघायला यावं तशा बाया अंगठा बघायला आल्या. एकीनं साखर आणली. एकीनं अंगठ्याला हळदीकुंकू लावलं. आत्याबाई प्रत्येकीला म्हणायच्या, "लांबून बघा, दमतो तो." मी पाय पुढं करून बसले होते आणि दर थोड्या वेळानं अंगठा उचलून दाखवत होते. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

*

पंजा पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ पूर्ण सुधारला. फार चालले तर संध्याकाळी उजवा पाय जरा ओढतो, तेवढं राहिलं.

लोक पुन्हा उसण घेऊन यायला लागले. मी काय करते ते प्रामाणिकपणे सांगते. आधी त्यांना टाचांवर चालायला लावते, अंगठ्यावर बोट ठेवते, लघवीचं विचारते. यात काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी हिंगोलीची गाडी दाखवते, पाय लावत नाही. काही नसेल तर तीनदा पाय लावते. माझ्या पायानं उसण जाते की आपोआप जाते, मला ठाऊक नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बहुतेक कंबर काही दिवसांत आपोआपच बरी होते, तुमच्या पायानं नुकसान नाही, फक्त हलका लावा.

नांदेडहून येताना व्यायाम शिकवले होते. घाव भरल्यावर डॉक्टरांना विचारून ते सुरू केले. त्यातला एक पालथं पडून छाती वर उचलायचा. सुरुवातीला मी आत दार लावून करायचे. मग आत्याबाई म्हणाल्या, मलाबी दाखव. आत जागा पुरेना म्हणून अंगणात घोंगडी टाकली. शेजारची आली, तिची जाऊ आली. आता संध्याकाळी आमच्या अंगणात सात-आठ बाया पालथ्या पडलेल्या असतात.

एकदा त्याच वेळी मालक कळप घेऊन आले. मागच्या मेंढवाड्यात जायला वाट अंगणातूनच आहे. ते फाटकाशी थांबले, त्यांच्या मागं मेंढ्या थांबल्या, रस्ता भरून गेला.

"आता मेंढ्या कुठून नेऊ?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी पालथ्यानंच मान वर केली. "थांब घटकाभर. कमरा चालू हाईत."

मालक काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मेंढ्यांनीही जरा वेळ धीर धरला. मग एक कोकरू फाटकाच्या फटीतून आत शिरलं, बायांच्या रांगेतून वास घेत आलं आणि आत्याबाईंच्या पाठीवर चढून उभं राहिलं. सरू त्याला हाकलायला धावली.

"राहू दे गं," आत्याबाई घोंगडीत तोंड घालून म्हणाल्या. "जरा खाली सरकव त्याला, कमरेपाशी."